किती बोअर?

मराठीत 'बोअर' या शब्दाचे तीन अर्थ आहेत. पहिला, जमिनीत तीनशे फूट खणूनही पाणी न लागणारं भोक. दुसरा, लग्नाच्या रिसेप्शनला नेमका आपल्याच शेजारी येऊन बसणारा माणूस. आणि तिसरा, बंदुकीच्या नळीचं भोक. पहिल्या बोअरने माणूस कर्जात जातो, दुसऱ्याने झोपेत जातो आणि तिसऱ्याने थेट जातो. पहिल्या दोन प्रकारांचा अनुभव कोणाही सभ्य गृहस्थाला असतोच. माझी नोकरी बँकेतली असल्यामुळे मला तो जरा जास्त आहे, कारण पहिल्या प्रकारच्या बोअरसाठी कर्ज मागायला दुसऱ्या प्रकारचे बोअर माझ्याच काउंटरवर येतात. तिसऱ्या प्रकाराशी माझा संबंध येण्याचं काहीच कारण नव्हतं. मी बी. कॉम. आहे.

पण डिसेंबर २०१९मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिचा नेम प्रतापनगरातल्या माझ्या घरावर बसला. मूळ कायदा १९५९चा. त्यात १९८३मध्ये अशी मर्यादा घातली गेली की एका माणसाने जास्तीत जास्त तीन बंदुका बाळगाव्यात. नव्या दुरुस्तीने तीनाच्या दोन केल्या. जास्तीची असेल ती वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, म्हणाले. देशातल्या बहुसंख्य माणसांना या बातमीने काहीच फरक पडला नाही. त्यांच्याकडे शून्य होत्या. आमच्या भाऊजींकडे बरोबर तीन होत्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. काटोलकडे संत्र्याची बाग, थोडी कपाशी, थोडी तूर. त्यांचे आजोबा मालगुजार होते. १९५१मध्ये मालगुजारी गेली आणि मागे तीन वस्तू राहिल्या: वाडा, वाड्याची कोर्टकेस आणि खुंटीवरची विंचेस्टर. ही विंचेस्टर म्हणजे काउबॉयच्या सिनेमात घोड्यावर बसून उडवतात ती. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर नेली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. १८९२चं मॉडेल, वीस इंची नळी, म्हणून कार्बाइन. बोअर .४४-४०. दुसरी बंदूक भाऊजींच्या वडिलांची, दुनळी बारा बोअर. तिसरी खुद्द भाऊजींनी तरुणपणी हौसेने घेतलेली, सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल. तीन पिढ्या, तीन बोअर. आणि ठेवायच्या दोन.

"साळेबुवा," भाऊजी माझ्या दिवाणखान्यात फाइल उघडत म्हणाले, "तुम्ही हिशेबातले माणूस. यातलं कोणतं बोअर ठेवायचं अन् कोणतं काढायचं, ते तुम्ही सांगा."

हिशेबातला माणूस म्हणून मी आकडे तपासायला घेतले आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की बंदुकांच्या जगात हिशेबनीस कधी नेमलेलाच नव्हता. आता बारा बोअर म्हणजे काय? तर त्या नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या गोल गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा होतात. ठीक आहे. मग सोळा बोअर त्याहून मोठी असेल असं तुम्हांला वाटेल. नाही, ती लहान. वीस बोअर त्याहून लहान. म्हणजे प्रमोशन मिळेल तसतशी खुर्ची लहान होत जावी तसा प्रकार. हा नियम पाठ करून रायफलीकडे वळावं तर तिथे उलटा कारभार. तिथला आकडा म्हणजे इंचाचा भाग. .३१५ म्हणजे इंचाच्या हजार भागांतले तीनशे पंधरा, सरळ बोलायचं तर आठ मिलिमीटर. आणि .४४-४०? त्यातले ४४ म्हणजे भोक, ४० म्हणजे आत भरायच्या काळ्या दारूचे ग्रेन. पण ४४ म्हणायची ती गोळी प्रत्यक्ष मोजली तर .४३ इंचसुद्धा भरत नाही. .३८ म्हणवणाऱ्या रिव्हॉल्व्हरची गोळी असते .३५७, आणि .३८-४० नावाच्या काडतुसाची असते .४०! आमच्या शाखेत असा ताळमेळ सापडला असता तर ऑडिटरने चहा न घेताच रिपोर्ट लिहिला असता.

एक आकडा मात्र मला ओळखीचा निघाला. .४४-४०ची गोळी साधारण २०० ग्रेनची. आणि तोळा म्हणजे १८० ग्रेन. गोल्ड लोनच्या काट्यावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. म्हणजे मालगुजारांची गोळी एक तोळा आणि वर वीस ग्रेन. सोन्याची असती तर लॉकरमध्ये ठेवली असती. शिशाची असल्यामुळे ती दुसऱ्याच्या अंगात ठेवायची, एवढाच फरक.

त्या कार्बाइनची आणखी एक गंमत भाऊजींनी सांगितली. तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक उभी असतात, मागचीचं नाक पुढचीच्या पाठीला टेकलेलं. आणि त्या पाठीच्या मधोमधच तर पेट घेणारी टिकली. मागच्या गोळीचं नाक टोकदार असलं आणि धक्का बसला तर पुढचीचा आतल्या आतच भडका उडायचा. म्हणून या बंदुकीच्या गोळ्या चपट्या नाकाच्या करतात. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरसमोरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व वेगळं समजावून सांगायला नको.

तरी एक बरं, की आपल्या देशात बोअर निवडायचं बरंचसं काम तुमच्याआधी सरकारने करून ठेवलेलं असतं. साहेबाच्या काळापासून एक धोरण पक्कं: फौजेच्या बंदुकीत जे काडतूस चालतं ते रयतेच्या बंदुकीत चालता कामा नये. १९०७च्या सुमारास .४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा हत्ती-वाघ मारणाऱ्या साहेबांसाठी विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७० वगैरे नवी बोअरं काढली. भोक वीस हजारांशाने मोठं केलं की राजनिष्ठा सिद्ध! फौजेची .३०३ नागरिकाला नको, म्हणून आली .३१५. साहेब गेला, धोरण राहिलं. .३०३ आजही निषिद्ध बोअर आणि .३१५ आजही शिष्टसंमत. परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकाला १९८०च्या दशकापासून जवळपास बंद. त्यामुळे आमच्या कार्बाइनला लागणारी काडतुसं दुकानात विचारायला गेलो, तर दुकानदाराने आमच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी माझ्याकडे ट्रंक कॉल लावायला आलंय. भाऊजींकडे लिमलेटच्या गोळ्यांच्या जुन्या डब्यात अकरा काडतुसं आहेत. सगळी माझ्याहून वयाने मोठी.

मी सल्ल्यासाठी आमच्या शाखेचे गार्ड सुभेदारसाहेब यांच्याकडे गेलो. फौजेतून निवृत्त झालेला कसलेला माणूस. दारात स्टुलावर दुनळी मांडीवर घेऊन बसतात, एखाद्या आजोबाने नातू घ्यावा तसे.

"सुभेदारसाहेब, सगळ्यात चांगलं बोअर कोणतं?"

"जे चालत नाही थे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आता पाहा नं साहेब. अकरा वर्षं झाली मले इथं बसून. एकबी बार नाही काढला. तरीबी दरोडा पडला का? नाही पडला. मंग झालं का नाही काम? बंदूक दिसली पाहिजे, वाजली नाही पाहिजे."

उत्तर सुंदर होतं. पण ते बँकेच्या दाराला लागू होतं, काटोलच्या शिवाराला नाही. दरोडेखोर बंदूक ओळखतो. रानडुक्कर ओळखत नाही. रात्रीतून पंधरा-वीसचा कळप तुरीत शिरतो आणि सकाळी शेत असं दिसतं, की कोणी ट्रॅक्टर चालवायला शिकून गेलंय. हे विनोदाने लिहायला सोपं आहे. ज्याने त्या तुरीसाठी पीककर्ज घेतलंय त्याचा चेहरा काउंटरच्या काचेतून पाहिला की विनोद जरा वेळ बाजूला ठेवावा लागतो. बरं, रानडुकराला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण. मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी. परवानगीचे कागद फिरेपर्यंत डुक्कर दुसरं पीक खाऊन तिसऱ्याची पेरणी पाहायला येतं.

तेव्हा प्रश्न खरा झाला. किती बोअर पुरे? आणि या 'पुरे'पाशी मी अडकलो तो आजतागायत.

आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाचा एक समज असतो की हिंसा जितकी कमी तितकं पाप कमी. लहान बोअर, लहान पाप. काठी मारण्यापेक्षा चापट बरी, चापट मारण्यापेक्षा टोमणा बरा. पण जुने शिकारी याच्या बरोबर उलट सांगतात. त्यांच्या शास्त्रात सगळ्यात मोठं पाप जनावर मारणं हे नाही, ते अर्धवट मारणं हे आहे. लहान बोअरची गोळी घेऊन जनावर झाडोऱ्यात जातं, दोन दिवस तडफडून मरतं किंवा त्याहून वाईट, मरत नाही. जिम कॉर्बेटने १९०७मध्ये कुमाऊंत चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसं होती. मेल्यावर तिचं तोंड उघडून पाहिलं तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले. जुन्या गोळीची जखम. कोणीतरी कधीतरी तिच्यावर एक गोळी झाडली होती. ती पुरी पडली नाही. तो गृहस्थ घरी जाऊन जेवला असेल, झोपला असेल, 'थोडक्यात चुकला' म्हणून चार लोकांना गोष्टही सांगितली असेल. सुळे तुटलेली वाघीण नेहमीची शिकार करू शकेना आणि तिने माणसाकडे मोर्चा वळवला. एका कमी पडलेल्या गोळीचं चक्रवाढ व्याज किती होतं, पाहा. आमच्या बँकेतसुद्धा एवढं होत नाही.

बरं, मग मोठं बोअर घ्यावं, की झालं? तर तिथे माणसाच्या नीतीने आणखी एक कोलांटी मारलेली आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी निघाली. जगभर बोभाटा झाला आणि १८९९मध्ये हेगच्या परिषदेत ठरलं की असली गोळी युद्धात वापरायची नाही, ती क्रूर आहे. आणि शिकारीत? शिकारीत आजही तीच फुलणारी गोळी वापरावी असं सांगतात, कारण तिने जनावर चटकन मरतं, म्हणजे ती दयाळू आहे. एकच गोळी. माणसाच्या अंगात गेली तर क्रूर, हरणाच्या अंगात गेली तर दयाळू. डेबिट आणि क्रेडिट दोन्ही बाजूंना एकच रक्कम, आणि तरी ताळेबंद जुळत नाही.

मला वाटतं, घोळ असा आहे. बोअर निवडताना आपल्याला वाटतं, आपण आकडा निवडतोय. प्रत्यक्षात आपण समोरचा निवडत असतो. बारा बोअरचे छर्रे भरले की समोर तितर आलाच. .३१५ घेतली की डुक्कर आलं. दुकानाच्या काचेवर नुसते आकडे असतात, समोरचा दिसत नाही. आणि एकदा चाप ओढला की आकडा संपतो. बँकेत चुकीची नोंद झाली तर उलटी नोंद करता येते. धनुष्यबाणाच्या काळात थोर लोकांना तीही सोय होती. महाभारतात अर्जुनाने सोडलेलं ब्रह्मास्त्र परत घेतलं, अश्वत्थाम्याला ते परत घेता येईना. अस्त्र दोघांकडे एकाच बोअरचं होतं. फरक परत घेण्याच्या ताकदीत होता. विंचेस्टर कंपनीने कडी ओढून रिकामं काडतूस बाहेर काढायची सोय केली. गेलेली गोळी परत आणायची मात्र कोणाच्याच कॅटलॉगात नाही.

हे सगळं मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "साळेबुवा, झालं असेल तर आता सांगा. दोन कोणत्या?"

एव्हाना आमच्या गल्लीत बातमी पसरली होती आणि प्रतापनगर चौकातल्या तर्री-पोह्यांवर दोन पक्ष पडले होते. आमच्या भागाला हे नवीन नाही. २०१८मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, तिचं प्रकरण चाललं होतं. तिच्यावर तेरा माणसं मारल्याचा ठपका. आदेश होता, आधी भूल देऊन पकडा, नाहीच जमलं तर गोळी. तिला खुणवायला वनखात्याने विलायती सेंटसुद्धा शिंपडून पाहिलं. शेवटी २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीने मेली. मागे दोन बछडे राहिले. भूल की गोळी, यावर आमच्या चौकात तेव्हा महिनाभर चर्चा झाली. मारावं म्हणणारे होते, मारू नये म्हणणारे होते. दोन्ही बाजू तळमळीने बोलत. फक्त पांढरकवड्याला दोन्ही बाजूंपैकी कोणीच गेलेलं नव्हतं. कापूस वेचायला जाताना मागे वळून पाहणारी बाई आमच्यात कोणी नव्हती. लांबून निवडलेलं बोअर नेहमीच अचूक असतं.

प्रश्न सोडवला तो शेवटी भाऊजींच्या सालदाराने. हा गडी भाऊजींच्या वडिलांच्या वेळेपासून शेतावर आहे. एका पायाने लंगडतो. त्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि म्हणूनच इतक्या दिवसांत कोणी काढली नव्हती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी भाऊजींच्या वडिलांनी तिन्हीसांजेला तुरीत डुक्कर पाहिलं. परवानगी होती का, हे त्या काळी कोणी विचारलं नाही. हाताशी मालगुजारांची कार्बाइन होती, डब्यातलं जुनं काडतूस होतं. दारू अर्धी मेलेली असावी. बार वाजला, डुक्कर चित्कारलं आणि आत पळालं. अंधार पडला होता, जेवण तयार होतं. "गेलं असंल मरून," म्हणत सगळे वाड्यावर आले. ते मेलं नव्हतं. सकाळी हा गडी बैल घेऊन त्या तुरीत शिरला आणि डुकराने त्याची मांडी उभी फाडली.

ताईने सरळ त्यालाच विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा. कोणती बंदूक ठेवायची?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कोनतीबी ठेवा नं बाई. बंदुकीचं काय हाये? फक्त मारल्यावर पाहाले जा."

मारल्यावर पाहायला जा. मी गेले तीन आठवडे ग्रेन, इंच, पौंड आणि हेगची परिषद यांचा जो ताळमेळ घालत होतो, तो या माणसाने चार शब्दांत मांडला. कमी बोअर की जास्त बोअर, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की बार काढल्यावर अंधारात, बॅटरी घेऊन, रक्ताच्या थेंबामागे तुरीत शिरायची तुझी तयारी आहे का? असेल तर कोणतंही बोअर तुला पुरेल, कारण कमी पडलं तर ते तुलाच निस्तरायचंय. नसेल तर कोणतंच पुरणार नाही.

आणि हे काही बंदुकीपुरतं नाही. आपण सगळेच दिवसभर लहानमोठे बार काढत असतो. ऑफिसात एखाद्याच्या अर्जावर शेरा मारतो, सुनेबद्दल शेजारणीजवळ एक वाक्य टाकतो, मुलाला सगळ्यांसमोर 'ढ' म्हणतो. बोअर अगदी बारीक असतं. थकबाकीची नोटीस म्हणजे तर साधा कागद, वजन पाच ग्रॅम, पोस्टाने जातो. तो ज्या घरात पोचतो, तिथे त्या दिवशी चूल पेटली का, हे पाहायला पोस्टमनसुद्धा थांबत नाही. जेवण तयार असतं आणि आपण वाड्यावर येतो. सकाळी त्या तुरीत कोण शिरणार आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

भाऊजींनी आठवडाभर विचार केला आणि कायद्याने दोन ठेवायची मुभा असताना एकच ठेवली, ती वडिलांची दुनळी. रायफल आणि विंचेस्टर, अकरा म्हाताऱ्या काडतुसांसकट, रीतसर पावती घेऊन जमा केली. दुकानदाराने विचारलं म्हणे, "साहेब, कार्बाइन एक वेळ समजू शकतो. पण एवढी चांगली .३१५ कशाला काढता? बोअर पसंत नाही का?"

"बोअर उत्तम आहे," भाऊजी म्हणाले, "गुडघे पसंत नाहीत. ही गोळी जिथवर जाते तिथवर आता मला चालत जाता येत नाही."

मला वाटतं, बंदुकीचं बोअर मोजायचं हे माप सगळ्यांत बरोबर आहे. इंचात नाही, ग्रेनमध्ये नाही, ते गुडघ्यात मोजावं. आपल्याला जिथवर पायी जाऊन पाहता येईल, तितकंच दूर मारावं. माझे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरतात. तेव्हापासून मी टोमणेसुद्धा फक्त घरातल्या घरातच मारतो.